अवजड यंत्रांचे ऑपरेटर : भिलाईचा कारखाना आणि त्याच्या खाणी

एक टन कच्चे लोखंड तयार करायला दीड टनाहून अधिक लोहखनिज, साधारण अर्धा टन कोक आणि शिवाय चुनखडी-डोलोमाइट लागते. यातला प्रत्येक टन खाणीपासून भट्टीच्या तोंडापर्यंत कितीदा तरी उचलला, ओतला आणि पुन्हा उचलला जातो. भिलाई पोलाद कारखान्यात ही उचल करणारी यंत्रे तीन ठिकाणी आहेत. पहिली खाणींत : भिलाईच्या दक्षिणेला नव्वदएक किलोमीटरवर दल्ली-राजहराच्या लोहखाणी, जवळच नंदिनीची चुनखडीची खाण आणि बिलासपूरकडे हिर्रीची डोलोमाइटची. दुसरी कारखान्याच्या छपराखाली : क्रेन, कोक भट्ट्यांची यंत्रे, खनिज रचणारे स्टॅकर आणि ते उपसणारे रिक्लेमर. तिसरी बांधकामाच्या जागी : पोकलेन, जेसीबी, डंपर, फिरत्या क्रेन. तिन्हीकडच्या माणसाला ऑपरेटरच म्हणतात, पण त्याचे कौशल्य, त्याला लागू होणारा कायदा आणि त्याची नोकरी तिन्हीकडे निराळी असते.

या खनिजाची गोष्ट नागपुराशी जोडलेली आहे. दुर्ग भागातल्या दल्ली आणि राजहरा टेकड्यांतले लोहखनिज भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवले. पुढे पोलाद कारखान्यासाठी जागा शोधणारे दोराबजी टाटा नागपूरला आले असता तिथल्या संग्रहालयात मध्य प्रांताचा भूशास्त्रीय नकाशा त्यांच्या पाहण्यात आला आणि दुर्गकडे त्यांचे लक्ष गेले. त्यांचे तज्ज्ञ वेल्ड यांनी टेकड्या पाहिल्या, खनिज उत्तम ठरले, पण कारखान्याला सोयीचा कोळसा आणि पाणी हाताशी नव्हते. टाटा पूर्वेकडे गेले. दुर्गच्या टेकड्यांना आणखी पन्नास वर्षे थांबावे लागले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईचा करार झाला तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती, त्याची राजधानी नागपूरच होती. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले.

कारखाना उभारताना सोव्हिएत यंत्रे आणि डोक्यावर टोपली घेतलेल्या बाया एकाच जागी राबत होत्या. ऑपरेटरची पहिली पिढी सोव्हिएत तंत्रज्ञांच्या शेजारी उभी राहून शिकली, आणि काहींना शिकायला थेट सोव्हिएत संघात पाठवले गेले. भाषा दुभाष्यामार्फत, पण लिव्हरवरचा हात प्रत्यक्ष पाहून, अशी ती शाळा होती. खाणीत दोरखंडाचे मोठे विद्युत शॉव्हेलही सोव्हिएत घडणीचे आले. नंतर त्याच धर्तीचे शॉव्हेल रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनने बनवले, आणि १९६४ साली स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्सचे डंपर व डोझर देशभरच्या खाणींत पसरले.

उघड्या खाणीतले काम ठरलेल्या क्रमाने चालते. ड्रिल यंत्राने भोके पाडायची, सुरुंग लावून खडक फोडायचा, शॉव्हेलने तो डंपरमध्ये भरायचा, डंपरने क्रशरपर्यंत न्यायचा. खाणीची भिंत पायऱ्यापायऱ्यांनी कापलेली असते. या पायरीला बेंच म्हणतात आणि तिची उंची यंत्राच्या पोहोचीवरून ठरते. बेंच फार उंच झाली तर शॉव्हेल खालून कोरत जाते आणि वरचा खडक डोक्यावर लोंबत राहतो. विद्युत शॉव्हेल आपल्या जाड केबलला बांधलेले असल्याने आणि साखळीपट्ट्यांवर अतिशय सावकाश सरकत असल्याने, दरड सुटली तर त्याला पळ काढता येत नाही. म्हणून जाणता ऑपरेटर बादली भरण्याआधी वर पाहतो. कुठे भेग रुंदावली आहे, कुठून बारीक माती गळते आहे, हे त्याला कळले पाहिजे.

शॉव्हेल आणि पोकलेन यांतले कौशल्य वेगाचे वाटते, पण ते खरे तर आखणीचे असते. डंपर कुठे उभा करायला लावायचा, यावर निम्मा वेळ ठरतो. बादली नव्वद अंशांऐवजी पंचेचाळीस अंशांतच वळवता आली, तर प्रत्येक फेरीतले काही सेकंद वाचतात आणि पाळीच्या शेवटी तेवढ्यात कित्येक डंपर जास्त भरले जातात. चार-पाच बादल्यांत डंपर भरला पाहिजे. दहा लागत असतील तर यंत्रांची जोडी चुकली आहे. बादली डंपरच्या केबिनवरून फिरवायची नाही. पहिली बादली बारीक मालाची टाकायची, म्हणजे मोठा दगड थेट तळावर आदळत नाही. आधुनिक पोकलेनमध्ये दोन्ही हातांत एकेक जॉयस्टिक असते. सर्वाधिक वापरात असलेल्या मांडणीत डाव्या हाताने यंत्र वळते आणि मधला दांडा आत-बाहेर होतो. उजव्या हाताने मुख्य भुजा वर-खाली होते आणि बादली उघडते-मिटते. शिकाऊ माणूस या चार हालचाली एकामागून एक करतो, तर मुरलेला ऑपरेटर त्या एकाच वेळी करतो. हे पुस्तकातून येत नाही. कित्येक महिने यंत्रावर बसल्यावर ते हातात उतरते आणि मग मालकाला डिझेलच्या हिशेबातही दिसू लागते.

डंपरचे काम बाहेरून सोपे दिसते. पन्नास किंवा शंभर टन माल वाहणाऱ्या गाडीला वाट दिसते ती तिच्या उंचीवरून, आणि त्या उंचीमुळेच पुढच्या व उजव्या-डाव्या बाजूचा मोठा पट्टा चालकाला दिसत नाही. तिथे उभी असलेली जीप किंवा माणूस चिरडला जाण्याच्या घटना जगभरच्या खाणींत घडल्या आहेत. म्हणून हलक्या गाड्यांवर उंच झेंडी व दिवा, मागे येताना वाजणारा भोंगा, आणि डंपरच्या पुढून कुणी चालत न जाण्याचा नियम. डोंगरावरच्या खाणीत आणखी एक अडचण असते. तिथे भरलेला डंपर उतारावरून खाली येतो आणि रिकामा वर चढतो, म्हणजे सगळा भार ब्रेकवर पडतो. नुसत्या ब्रेकवर उतरले तर ते तापून निकामी होतात. म्हणून वरूनच खालचा गिअर टाकून रिटार्डरवर, म्हणजे ब्रेकवर भार न टाकता वेग रोखून धरणाऱ्या यंत्रणेवर, उतरायचे असते. उतार सुरू झाल्यावर गिअर बदलू पाहणारा चालक गाडीवरचा ताबा गमावू शकतो. रस्त्याचा चढ साधारण सोळास एकपेक्षा तीव्र नसावा आणि कडेला मातीचा भक्कम बांध असावा, हे खाणसुरक्षेचे जुने संकेत आहेत. माल टाकण्याच्या कड्यावर तो बांधच डंपरला अडवतो. पण बांधाला चाक टेकवून थांबण्याची सवय वाईट, कारण तो खुणेसाठी आणि शेवटच्या क्षणी अडवण्यासाठी असतो, रोजचा भार पेलण्यासाठी नव्हे.

डंपरच्या टायरवर तर वेगळे प्रकरण लिहिता येईल. टायरवरचा भार आणि सरासरी वेग यांच्या गुणाकारावर टायर तापतो. मर्यादा ओलांडली की आतले थर सुटतात. रस्त्यावर सांडलेला एक टोकदार दगड महागडा टायर फाडतो. म्हणून रस्ता राखणारे डोझर आणि ग्रेडर ही दुय्यम यंत्रे नव्हेत, आणि त्यांवरचा माणूस तर मुळीच नव्हे. ग्रेडर शिकायला सगळ्यांत अवघड, असे खाणीतले जुने लोक सांगतात. त्याचे पाते कोनात धरून, पुढची चाके वाकवून, खडबडीत रस्त्याला पाण्याचा निचरा होईल असा उतार द्यायचा असतो. चांगला ग्रेडर-ऑपरेटर असलेल्या खाणीत डंपर वेगाने धावतात आणि त्यांचे टायर टिकतात, पण उत्पादनाच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे एक टनही लिहिला जात नाही.

कारखान्याच्या आत काम छपराखाली, रुळांवर आणि आगीजवळ असते. पोलाद वितळवणाऱ्या विभागात १,६०० अंश सेल्सियसच्या आसपासचा द्रव भरलेला लाडल, म्हणजे द्रव धातूचे मोठे भांडे, क्रेन उचलते. अशी क्रेन चालवणारा तीन हालचाली सांभाळतो : हूक वर-खाली, ट्रॉली आडवी, आणि संपूर्ण पूल लांबवर. खरे कसब लोंबत्या ओझ्याचा झोका मोडण्यात आहे. ओझे पुढे झुकले की ट्रॉली त्याच दिशेला किंचित नेऊन त्याच्या बरोबर वर आणायची, म्हणजे झोका तिथेच विरतो. उलट दिशेला ओढली तर वाढतो. नवशिक्याचा हात नेमका उलटा जातो. खाली उभ्या सिग्नलमनच्या हातखुणेशिवाय हलायचे नाही, पण थांबण्याची खूण कुणीही केली तरी थांबायचेच.

या क्रेनचे दोरखंड, हूक आणि ब्रेक यांच्याकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याचे उदाहरण चीनमध्ये आहे. १८ एप्रिल २००७ रोजी लिआओनिंग प्रांतातल्या एका पोलाद कारखान्यात सुमारे तीस टन वितळलेल्या पोलादाचा लाडल खाली आला आणि ३२ कामगार मृत्युमुखी पडले. द्रव धातूसाठी बनवलेल्या क्रेनऐवजी तिथे सर्वसाधारण क्रेन वापरात होती. दुर्घटनेनंतर बोट पहिल्यांदा ऑपरेटरकडे वळते. पण क्रेनची निवड त्याने केलेली नसते.

कोक भट्ट्यांवरची यंत्रे मात्र बाहेरच्या जगात फारशी कुणाला माहीत नाहीत. शेजारी-शेजारी उभ्या अरुंद, उंच भट्ट्यांत कोळसा सुमारे हजार अंशांवर सोळा-अठरा तास भाजला जातो. मग एका बाजूने पुशर गाडी लालभडक कोकची अख्खी वडी ढकलते, दुसऱ्या बाजूला मार्गदर्शक गाडी ती झेलते आणि खालच्या गाडीत सोडते. ती गाडी कोक घेऊन विझवण्याच्या मनोऱ्याखाली जाते. तिन्ही यंत्रे एकाच भट्टीसमोर अचूक उभी नसताना ढकलणी झाली तर धगधगता कोक रुळावर सांडतो. इथे तीन ऑपरेटर एकमेकांना दिसत नसताना एकच काम करतात, त्यामुळे इंटरलॉक आणि खात्रीचा संदेश यांवर सगळे अवलंबून असते.

तिसरे क्षेत्र बांधकामाचे. दहा लाख टनांपासून सुरू झालेला कारखाना विस्तारत गेला आणि ताज्या विस्तारात ‘महामाया’ नावाची ४,०६० घनमीटरची आठवी झोतभट्टी उभी राहिली. विस्तारित कारखान्याचे लोकार्पण १४ जून २०१८ रोजी झाले. अशा कामावर उंच क्रॉलर क्रेनचा ऑपरेटर लोड चार्ट वाचूनच हुकाला हात लावतो, किंवा लावायला हवा. क्रेनची क्षमता तिच्या नावात लिहिलेली असते ती सर्वांत जवळच्या पल्ल्याची. भुजा बाहेर कलत गेली की ती झपाट्याने घटते, म्हणून पन्नास टनी क्रेन दूरच्या ओझ्याला पाच टनांनाही हरू शकते. जमीन भुसभुशीत असेल तर पायांखाली लाकडी किंवा पोलादी पाटे लागतात. छोट्या कामावर मात्र राज्य हायड्राचे. ओझे पुढे लटकवून चालत जाणाऱ्या या क्रेनचा मोह असा की ती सगळीकडे घुसते. तिचा दोष असा की ओझे ऑपरेटरची नजर अडवते आणि ते हाताने धरून हेल्पर पुढे चालत असतो. अनेक मोठ्या प्रकल्पांनी तिच्या वापरावर बंधने घातली आहेत. ती ठेकेदाराच्या गेटपर्यंत पोहोचतातच असे नाही.

महाराष्ट्रात या धोक्याचे मोठे रूप ३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२३ यांच्या दरम्यानच्या रात्री दिसले. समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यात गर्डर बसवणारे यंत्र कोसळून २० जणांचा बळी गेला. रात्रीची पाळी, उंची आणि शेकडो टन वजन एकत्र आले की चुकीला जागाच उरत नाही.

कायद्याची बाजू विस्कळीत आहे. कारखान्याला १९४८ चा कारखाने कायदा लागू होता, खाणींना १९५२ चा खाण कायदा आणि १९६१ ची धातुखाण विनियमावली, बांधकामाला १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा. २०२० च्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने हे सर्व एका छत्राखाली आणले. जुन्या कारखाने कायद्यातली काही कलमे आजही आदर्श म्हणावी अशी नेमकी आहेत : उचल यंत्रांची वर्षातून किमान एकदा सखोल तपासणी, आणि क्रेनच्या रुळाजवळ माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्या सहा मीटरच्या आत न येण्याची तजवीज. खाणीत व्यवस्थापकाच्या लेखी अधिकारपत्राशिवाय कुणी यंत्रावर बसू शकत नाही आणि १९६६ च्या नियमांनुसार कामाआधी व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावे लागते. देखरेख धनबादच्या खाणसुरक्षा महासंचालनालयाची.

या सगळ्यात एक पोकळी राहते. रस्त्यावर ट्रक चालवायला परवाना लागतो. पण पोकलेन किंवा क्रेन चालवण्याची पात्रता देशभर एकसारखी मोजणारे आणि सक्तीचे असे एकच प्रमाणपत्र नाही. खाणीच्या व्यवस्थापकाने दिलेले अधिकारपत्र त्या खाणीपुरते. ऑपरेटर दुसरीकडे गेला की त्याचे कौशल्य पुन्हा शून्यापासून सिद्ध करायचे. ब्रिटनमध्ये बांधकाम-यंत्राच्या ऑपरेटरकडे यंत्रप्रकारानुसार कार्ड असते आणि ते दाखवल्याशिवाय मोठ्या साइटवर सहसा प्रवेश मिळत नाही. भारतात इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलची प्रमाणपत्रे आहेत, परंतु ती बहुतांशी ऐच्छिक आहेत. छोट्या ठेक्यावर ऑपरेटर अजूनही हेल्परमधूनच घडतो : आधी ग्रीस भरायचे, मग काच पुसायची, मग जेवणाच्या सुटीत यंत्र हलवून पाहायचे. यातून अव्वल कारागीर निघतात, हे खरे. पण उस्तादाची वाईट सवयही हेल्परकडे तितक्याच निष्ठेने उतरते.

भिलाईत अवजड यंत्राचा प्रश्न कसबाचा होताच, त्याहून अधिक तो रोजगाराचा झाला. दल्ली-राजहरात यांत्रिक खाणींबरोबर हाताने चालणाऱ्या खाणीही होत्या. तिथे पुरुष खनिज फोडत, बाया ते वाहत; नवरा-बायकोच्या जोड्या ठेकेदाराकडे कामाला असत. १९७७ मध्ये छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन झाला. त्याच वर्षी २ आणि ३ जूनला झालेल्या पोलिस गोळीबारात ११ जण मारले गेले, त्यांत अनुसूयाबाई नावाची कामगार स्त्री होती. पुढच्या वर्षी बैलाडिल्याच्या खाणीत यांत्रिकीकरणानंतर हजारो कामगारांचे काम गेले आणि तिथेही गोळीबार झाला. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील याच संघटनेने त्यातून धडा घेऊन अर्ध-यांत्रिकीकरणाचा आराखडा मांडला : सगळीच यंत्रे नाकारायची नाहीत, अति कष्टाचे टप्पे यंत्राकडे द्यायचे आणि उरलेले हातांकडे ठेवायचे, असे केल्यास खर्चही कमी येतो, असा तिचा हिशेब होता. त्यामुळे दल्लीचे संपूर्ण यांत्रिकीकरण बराच काळ लांबले. भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या ठेका कामगारांचे आंदोलन चालू असताना २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची भिलाईत हत्या झाली.

त्या वादातला हिशेब कुणाचा बरोबर, यावर मतभेद राहतील. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. यंत्र आल्यावर टोपली गेलेल्या बाईला केबिनमधली जागा मिळाली नाही. कायदाही आड होता : महिलांना खाणीत रात्रपाळी निषिद्ध होती, आणि तीन पाळ्यांत चालणाऱ्या यंत्रावर दिवसापुरती माणसे कोण घेणार? २०१९ च्या केंद्रीय अधिसूचनेने अटींसह उघड्या खाणीतली रात्रपाळी महिलांसाठी खुली केली. टाटा स्टीलने झारखंडमधल्या नोआमुंडीत महिलांना अवजड यंत्रांवर घेतले आहे. हायड्रॉलिक यंत्राला मनगटाच्या ताकदीची गरज उरलेली नाही, हे त्यातून दिसले.

ऑपरेटरच्या शरीरावरचा परिणाम हळूहळू जमतो. डंपर आणि डोझरचे हादरे पाठीच्या कण्यातून जातात. युरोपीय नियमांनी आठ तासांसाठी या हादऱ्यांची कमाल मर्यादा १.१५ मीटर प्रतिसेकंद वर्ग ठरवली आहे. खराब रस्ता आणि मोडकी सीट असली तर ती सहज गाठली जाते. गोंगाटाने ऐकू कमी येते, सिलिकायुक्त धुळीने फुप्फुसे बिघडतात, आणि पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान डोळा लागतो. वातानुकूलित बंद केबिन या चारांपैकी दोन गोष्टी बऱ्याच आटोक्यात आणते. तिला चैन समजणारा व्यवस्थापक मे महिन्यात क्रेनच्या केबिनमध्ये एकदा बसला पाहिजे.

पुढचे चित्र दोन दिशांनी बदलते आहे. दल्ली-राजहराचे चांगले खनिज सरत आल्याने भिलाईचे भवितव्य रावघाटच्या लोहखनिजावर टेकले आहे, आणि देशातल्या नव्या खाणींत खणण्यापासून वाहण्यापर्यंतचे काम एकाच ठेकेदाराकडे देण्याची पद्धत रुजली आहे. भिलाईत ‘ऑपरेटर-कम-टेक्निशियन’ म्हणून भरती झालेल्या कायम कामगाराला शिकाऊ काळ, दवाखाना आणि घर मिळाले. त्याच यंत्रावर ठेक्याने बसणाऱ्याला बहुधा फक्त पाळी मिळते. गडचिरोलीच्या सुरजागड लोहखाणीभोवतीही, म्हणजे महाराष्ट्रातच, स्थानिकांना नेमके कोणते काम मिळणार, हा प्रश्न उभा आहे. दुसरी दिशा स्वयंचलनाची. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा प्रदेशात आणि चिलीत २००८ पासून चालकाविना डंपर धावू लागले. भारतात मजुरी स्वस्त आणि खाणी लहान असल्याने ते सरसकट लवकर येण्याची शक्यता कमी. त्याआधी येतील ते थकवा ओळखणारे कॅमेरे, टक्कर टाळणारे संवेदक आणि प्रत्येक फेरी मोजणारी यंत्रणा. यातली शेवटची गोष्ट ऑपरेटरच्या फायद्याची ठरेल की केवळ पाळत ठरेल, हे तिची आकडेवारी कुणाच्या हातात राहते यावर अवलंबून आहे.

चाकण आणि तळेगावच्या कारखान्यांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या पोकलेन आणि जेसीबींना तितकेच प्रशिक्षित ऑपरेटर हवे आहेत. यंत्राची तपासणी कायद्याने सक्तीची केली, तशीच ऑपरेटरची परीक्षा आणि देशभर चालणारे प्रमाणपत्रही सक्तीचे करायला हवे, आणि त्याचा खर्च यंत्राच्या मालकाने उचलायला हवा.